एनिडबाईंचा उपास

“ज्योत खाली करायची, मातीत दाबायची, आणि परत फिरताना मागं बघायचं नाही. समजलं ना, डक?”

चर्चला वळसा घालून उत्तरेच्या दाराशी पोचेपर्यंत वैजयंतीच्या कानात एनिडबाईंचं हे बोलणं घोळत होतं. नॉटिंगहॅमकडची जुनी माणसं पोस्टमनला, दुकानदाराला, सगळ्यांनाच ‘डक’ म्हणतात. पण एनिडबाई म्हणायच्या तेव्हा तिला ती घरातली हाक वाटे. एका हातात मधाच्या पोळ्याच्या मेणाची जाड मेणबत्ती, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, पायाखाली ओली पानं. नोव्हेंबरातलं ऊन थडग्यांच्या डोक्यावरून केव्हाच निघून गेलं होतं.

हे काम दर वर्षी एनिड ओल्डरशॉ यांचं. त्याआधी त्यांच्या आईचं, त्याआधी आजीचं. हॅगनथॉर्प म्हणजे एक रस्ता, एक बंद पडलेला पब, नॉटिंगहॅमला जाणारी बस, आणि हे चर्च. चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीत एक अरुंद खिडकी आहे. तिच्यामागे एक खोली, जिला दार नाही. साडेसहाशे वर्षांपूर्वी मॉड नावाच्या एका साध्वीनं तिथं स्वतःला चिणून घेतलं होतं, मरेपर्यंत प्रार्थना करत राहण्यासाठी. मग प्लेग आला. कुणी म्हणालं हवा सडली, कुणी म्हणालं ग्रह फिरले, बाकीचे म्हणाले आपली पापं भरली. पाद्रीच आधी गेला. तेव्हा मरणारी माणसं मॉडच्या खिडकीशी येऊन तिलाच आपली पापं सांगू लागली, कारण ऐकायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. आणि मॉडनं भाकीत केलं. मेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, ऑल सोल्सला, रोगाला ज्योतीबरोबर चर्चभोवती फिरवा आणि उत्तरेच्या दाराशी मातीत विझवा. ज्या वर्षी ज्योत जिवंत राहील त्या वर्षी तो परत येईल. लहानांपासून सुरुवात करेल. कुणी मोठं माणूस आपणहून सामोरं गेलं तरच थांबेल.

मॉड स्वतः तशीच गेली, अन्नपाणी सोडून. आणि त्यानंतर गावातलं मरण थांबलं, असं सांगतात.

व्हिकर जोआननं हे सगळं रंगीत माहितीपत्रकात छापून चर्चच्या दाराशी ठेवलं होतं. चार गावांची चर्चं एकटीनं सांभाळणारी ती हसरी बाई याला ‘आपला वारसा’ म्हणायची. एनिडबाई वारसा वगैरे म्हणत नसत. त्या फक्त दर वर्षी टोपी घालून निघायच्या.

यंदा सप्टेंबरात त्या बागेत पडल्या आणि खुबा मोडला. तेव्हा त्यांनी शेजारच्या वैजयंतीला बोलावून घेतलं.

“मी हिंदू आहे एनिड. चालेल का?”

“मॉडच्या वेळी तुला वेशीतसुद्धा घेतलं नसतं,” एनिडबाई म्हणाल्या. “आता व्हिकरला बादल्या लावून गळकं छप्पर सांभाळणारा कुणीही चालतो. आणि तू नेमाची आहेस. रोज सकाळी तुझ्या खिडकीत दिवा लागतो तो बघूनच मी चहा टाकते.”

नेमाची तर ती होतीच. सकाळ-संध्याकाळ दिवा, जपाची माळ, पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याखेरीज काही नाही, गुरुवार, चतुर्थी. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जन्मभर जंतू बघत बसली, तरी यातलं काही सुटलं नव्हतं. लॅबमधली मंडळी चिडवायची, “वैजयंती, आज कुठल्या देवाची ड्यूटी?” ती हसून मायक्रोस्कोपला डोळा लावायची. तिच्या मनात या दोन्हींचं कधी भांडण झालंच नाही. जंतू कशानं येतो ते तिला माहीत होतं. माणूस कशानं तग धरतो ते तिला देवापाशी बसल्यावर कळायचं.

आणि एनिडबाईंना नाही म्हणणं तिला शक्य नव्हतं. करोनाच्या पहिल्या लाटेत तिचा नवरा नंदू गेला तेव्हा मुलाला, मिहीरलाही येता आलं नव्हतं. शववाहिनी घरावरून नेऊ, असं अंत्यविधीवाल्यांनी कळवलं, म्हणून ती फाटकाशी एकटी उभी राहिली. तर पलीकडच्या कडेला एनिडबाई काळा कोट, काळी टोपी घालून उभ्या. गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग रस्त्यापलीकडूनच म्हणाल्या, “मी पोचवलं हो त्यांना.” वैजयंतीचं माणूस गेलं त्या दिवशी तिच्याजवळ उभं राहिलेलं एवढं एकच माणूस होतं.

तर आता ती उत्तरेच्या दाराशी उभी होती. समोर उकरलेली माती, हातात ज्योत. उलटी करायची आणि दाबायची.

हात वळेना.

त्या वर्षी ऑल सोल्सचा दिवस नेमका दिवाळीच्या पाडव्याला आला होता. पाडव्याला ती नंदूला ओवाळायची. चार वर्षं निरांजन नुसतंच घासून ठेवलं जात होतं. आज कितीतरी दिवसांनी पाडव्याच्या संध्याकाळी तिच्या हातात ज्योत होती, घरी नात रांगोळीत रंग भरत बसली होती, आणि ही ज्योत आपल्याच हातानं तोंडावर पाडून मातीत घालायची? लहानपणापासून तिनं दिव्यावर साधी फुंकरसुद्धा घातली नव्हती. तिनं दोनदा मनगट फिरवून पाहिलं. मेण ओघळून बोटांवर आलं. शेवटी तिनं मेणबत्ती सरळच मातीत रोवली, उंबऱ्याच्या आडोशाला. हात जोडले. आपोआप शांत होईल, ती मनाशी म्हणाली, तेही विझणंच की.

मागं न बघता ती घरी आली. एवढं मात्र पाळलं.

दुसऱ्या दिवशी ती चकल्या घेऊन एनिडबाईंकडे गेली, बरोबर सात वर्षांची अन्वीही होती. अन्वी अर्ध्या सत्राच्या सुट्टीला बेसिंगस्टोकहून आजीकडे आली होती.

“मातीत दाबलीस ना नीट?” एनिडबाईंनी विचारलं.

वैजयंती खोटं बोलत नसे. तोही एक नेम. “नाही दाबवली. सरळ लावून ठेवली. आमच्याकडे ज्योत हातानं विझवत नाहीत, एनिड. सणाचा दिवस होता. ती तिथंच जळून शांत झाली असेल.”

एनिडबाईंचा चकलीचा हात बशीपाशी थांबला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त अन्वीकडे पाहिलं. ती गालिच्यावर बसून त्यांच्या मांजराला मराठीत दटावत होती, “नको चाव, तू वाईट मांजर आहेस, खूप वाईट मुलगा.”

“हिला घरी कधी नेणार?” एनिडबाईंनी विचारलं.

“आज दुपारी मिहीर येतोय न्यायला.”

“आत्ताच का नाही आला,” एनिडबाई म्हणाल्या, आणि बशी बाजूला सारली.

मिहीर आला तेव्हा अन्वीच्या कपाळाला हात लावून आपल्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत म्हणाला, “आई, हिची अंग गरम लागते.” घसा लाल होता. संध्याकाळपर्यंत अंगावर बारीक खरखरीत पुरळ उठला, आणि वैजयंतीला हाताखाली ती खरखर लागताच कळलं. शाळेशाळेतून घशाच्या या तापाची साथ होतीच. लॅबमध्ये तिनं हा जंतू हजारदा पाहिला होता. रक्त मिसळलेल्या लाल थाळीवर बारीक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती रक्त विरघळून गेल्याचं स्वच्छ कडं. अन्वीनं तो सुट्टीच्या आधीच वर्गातून आणला असणार. मेणबत्तीशी त्याचा काही संबंध नाही, हे तिला स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं.

आणि तरी तिला आधी आठवली ती मेणबत्तीच.

औषध सुरू झालं, पण जंतू घशात थांबला नाही. छातीत उतरला. अन्वीला नॉटिंगहॅमच्याच हॉस्पिटलात ठेवलं. फुफ्फुसाभोवती पू झाला म्हणून बरगडीतून नळी घातली. चैत्राली बेसिंगस्टोकहून आली ती ऑफिसच्या कपड्यांतच. सून पुण्याची, तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी ती गप्प राहून लेकीच्या पायाचा तळवा हातात धरून बसली होती.

वैजयंतीनं अन्न सोडलं. अन्वी घरी जाईपर्यंत फक्त पाणी. कुणाला सांगितलं नाही. कँटीनमधून मिहीर सँडविच आणून द्यायचा, ती ते पर्समध्ये ठेवायची.

“आई, तू खाल्ला का?”

“तू खा. माझं होईल.”

चैत्रालीनं एकदा पर्स पाहिली. “आई, बाबांच्या वेळीही तुम्ही हेच केलं होतंत,” ती हळू आवाजात म्हणाली. “काय झालं त्यानं?”

वैजयंतीनं पर्सची चेन ओढली. नंदू व्हेंटिलेटरवर होता तेव्हा तिनं असाच उपास धरला होता. तो गेला. उपास सोडायचा तरी कुणासाठी, म्हणून तीच दोन दिवस तशी बसून राहिली होती.

अन्वी यंत्रांच्या टिकटिकीत पडून होती. तिसऱ्या की चौथ्या दुपारी व्हिकर जोआनचा फोन आला.

“वैजयंती, तुझ्यावर आणखी ओझं टाकू नये, पण तुझ्या नातीचं कळल्यापासून एनिड काही खात नाहीत. हृदयाच्या गोळ्यासुद्धा घेत नाहीत. घरी मदतीला केअरर येते, तर तोंड मिटून भिंतीकडे वळतात. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले शुद्धीत आहेत, नाही म्हणण्याचा त्यांना हक्क आहे. मला काही सांगत नाहीत. तुला सांगतील.”

वैजयंतीनं “येते” म्हटलं. आणि गेली नाही.

हे पुढं तिनं कुणाला सांगितलं नाही, पण झालं ते असं. फोन ठेवून ती वॉर्डात आली तर नर्स म्हणाली, तापाचा आकडा पहिल्यांदाच खाली आलाय. अन्वीनं डोळे उघडून “आजी, ज्यूस पाहिजे” म्हटलं. चैत्राली रडायला लागली. आणि वैजयंतीच्या मनात, जिथं ती रोज देवाला बसवायची तिथंच, एक थंड, शहाणा आवाज म्हणाला: तिकडे एनिडबाई सामोऱ्या गेल्यात, म्हणून इकडे उतार पडलाय. जाऊ नकोस. म्हातारं माणूस आहे. त्यांच्या मनानंच चाललंय. तू फक्त जाऊ नकोस.

दुसऱ्या दिवशीही ती गेली नाही. ज्यूसचा पेला अन्वीनं संपवला. वैजयंती माळ ओढत राहिली, पण मणी बोटांखालून जात होते आणि नाव काही तोंडात येत नव्हतं. आपण कुणाचा जप करतोय? कुठल्या देवाला हे चालतं? नंदूला पोचवायला उभं राहिलेलं माणूस तिकडे वाळून मरतंय आणि आपण इकडे आकडे उतरताना बघतोय. सगळ्या जन्मात तिला स्वतःची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, मिहीरला म्हणाली, “मी जरा घरी जाऊन येते,” आणि बसनं हॅगनथॉर्पला आली.

एनिडबाई पलंगावर होत्या. खाली बैठकीच्या खोलीतच पलंग आणून ठेवलेला. हात चादरीवर वाळक्या पानांसारखे. ओठ फुटलेले. मांजर पायाशी. खोलीत औषधाचा नाही, धुळीचा आणि थंड चहाचा वास.

“कशी आहे पोरगी?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“ताप उतरतोय.”

एनिडबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते वैजयंतीला बघवेना. “म्हणजे पोचतंय,” त्या म्हणाल्या.

“काही पोचत नाही. तिला नसेतून औषध चाललंय. मी त्या जंतूला ओळखते, एनिड. त्याला औषध कळतं. तुमचं काही कळत नाही.”

“मग घाबरलीस कशाला? दारातून आलीस तीच गुन्हेगारासारखी.”

वैजयंती खुर्ची ओढून बसली. खरं बोलायचं तर तेवढ्यापुरतं बोलून भागत नाही. “कारण मी दोन दिवस मुद्दाम आले नाही,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही जात असाल तर जावं. ती वाचावी.”

एनिडबाईंच्या घशातून कोरडा, खरखरीत आवाज आला. त्या हसत होत्या. “बरं केलंस. मीही तेच म्हणते.”

“मी नाही म्हणत. आता नाही.” तिनं त्यांचा हात धरला. “नंदूच्या वेळी मी अन्न सोडलं होतं. तुम्हाला कधी बोलले नाही. सगळं केलं. पाणीसुद्धा मोजकं. तो गेला. देवानं माझ्या उपासाकडं बघून कुणाला ठेवलं नाही आणि कुणाला नेलं नाही. तो असला व्यवहार करतच नाही.”

“मग अजून कशाला करतेस? ते गुरुवार, ते सगळं.”

हे तिला आजवर खूप जणांनी विचारलं होतं, कुणी चेष्टेनं, कुणी काळजीनं. तिनं नेहमी काहीतरी बोलून वेळ मारून नेली होती. आता तिला विचार करावा लागला.

“काही मागायला नाही,” ती म्हणाली. “दिवसभरात कुठंतरी त्याच्यापाशी बसायला जागा हवी ना. उपास म्हणजे तेवढी जागा. तिथं बसून मी मागत सुटले, तिथंच चुकले.”

एनिडबाई छताकडं बघत राहिल्या. “मला ती जागा नाही,” त्या म्हणाल्या. “मला मेणबत्ती आहे. पंच्याऐंशी ओलांडली माझी, डक. नवरा गेला, मुलगी कॅनडात, वर्षातून एक कार्ड. माझ्या हातून ती एक गोष्ट व्हायची की हे गाव वाचतंय. आणि ती मी तुझ्या हातात दिली.”

“आणि माझ्या हातून मोडली.”

“हो. म्हणून मी जाते. तुझी पोरगी आहे ती.”

वैजयंती उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं दूध गरम केलं, त्यात ब्रेड कुस्करला, साखर घातली, वाटी आणून पलंगाशी ठेवली. गोळ्यांची डबी शेजारी. “उठा. थोडं घ्या.”

एनिडबाईंनी वाटीकडं पाहिलं आणि मग तिच्या तोंडाकडं. बारीक नजर होती म्हातारीची. “तुझे ओठ बघ आरशात,” त्या म्हणाल्या. “शेवटचं कधी खाल्लंस?”

वैजयंतीनं ओठांवरून जीभ फिरवली.

“तू तुझ्यासाठी बसण्याची जागा म्हणतेस तीच का ही? माझा उपास खोटा आणि तुझा खरा?” त्यांनी उशीवर मान टेकली. “तू आधी खा. मग मी खाते.”

वैजयंतीनं वाटी उचलली आणि परत ठेवली. अन्वी अजून हॉस्पिटलातच होती. धरलेला उपास मधेच मोडायचा, जिच्यासाठी धरला ती घरी गेलेली नसताना. नेम चुकला तर काय होतं हे तिला लहानपणापासून कथांमधून, बायकांच्या कुजबुजीतून, रक्तातून माहीत होतं. आत्ताच ती देव व्यवहार करत नाही म्हणाली होती. म्हणणं सोपं होतं.

तिनं चमचा उचलला. दूधब्रेड तोंडात घातला. इतक्या दिवसांनी जिभेवर गोडवा आला आणि त्याची तिला शिसारी आली. तिनं गिळला. एनिडबाईंनी तोंड उघडलं, अगदी लहान मुलासारखं. तिनं एक चमचा त्यांना भरवला, गोळी दिली, पाणी दिलं.

तेवढ्यात फोन वाजला.

“आई.” मिहीरचा आवाज फाटलेला. “तिची ताप परत वर गेली. थर्टी-नाइन पॉइंट एट. नळी बंद पडली, दुसऱ्या बाजूला पण पस आहे म्हणतात. दे आर टेकिंग हर टू थिएटर. आत्ता. तू ये.”

“येते,” ती म्हणाली. उठून तिनं फोन कोटाच्या खिशात टाकला.

एनिडबाई तिचा चेहरा वाचत होत्या. “काय झालं?”

खोटं बोलायला हीच वेळ होती. नेम आधीच मोडला होता, आणखी एक मोडला असता. “ताप चढलाय,” वैजयंती म्हणाली. “ऑपरेशनला नेतायत.”

एनिडबाईंनी तोंड मिटलं. चादर ओढून घेतली. “बघ,” त्या पुटपुटल्या. “बघ, मी काय म्हणत होते. ने ती वाटी. अजून वेळ आहे.”

वैजयंती उभीच राहिली. वाटी उचलून मोरीत ओतावी आणि देवापुढं जाऊन डोकं आपटावं, इतकं तिला आतून ओढत होतं. शहाणा आवाज आता शहाणा राहिला नव्हता. तो ओरडत होता. तिनं डोळे मिटले. नाव घेतलं. या वेळी ते तोंडात आलं, आणि त्याच्यामागं काही मागणं नव्हतं.

ती परत खुर्चीत बसली. चमचा भरला आणि स्वतःच्या तोंडात घातला. दूध हनुवटीवर सांडलं. तिनं ते पुसलं नाही.

“तुमची पाळी,” ती म्हणाली.

“वेडी आहेस तू.”

“असू दे. खा.”

दोघींनी वाटी संपवली. एक चमचा ही, एक चमचा ती. शेवटी एनिडबाईंनी तिचा हात पकडला, फारसा जोर नव्हता, पण सोडेनात.

“ऐक. मी हे खाल्लं तरी फार दिवसांची नाही. डॉक्टर खुब्याच्या वेळीच बोलले होते. आणि पोरगी वाचली आणि मी गेले, तर लोक गोष्ट करतील. या गावाला गोष्टी आवडतात.” त्या श्वास घ्यायला थांबल्या. “मॉडनं वाचवलेलं पोर होतं एक. ते जोआनच्या कागदात नाही. माझ्या आजीनं मला सांगितलं होतं. अ‍ॅलिस नाव. सगळे तिला म्हणायचे, तुझ्यासाठी एक संत मेली. उठता बसता म्हणायचे. चौदाव्या वर्षी ती पोर आपणहून त्याच भिंतीत गेली. फेडायला.”

बाहेर बसचा आवाज आला आणि गेला.

“तुझ्या पोरीला सांग, म्हातारी म्हातारपणानं मेली. दुसरं कुणी काही सांगायच्या आत तू सांग. तोंडानं, समोर बसून. फोनवर नाही. शब्द दे.”

“दिला,” वैजयंती म्हणाली.

अन्वी थिएटरमधून आली. दोन नळ्या, अंगावर चिकटपट्ट्या, पण आली. दुसरं औषध लागू पडलं. हळूहळू तिनं बिस्किट मागितलं, मग टॅब्लेट मागितला, मग दोन्ही एकदम मागितले आणि चैत्रालीनं तिला पहिल्यांदा रागावलं. वैजयंती रोज सकाळी हॉस्पिटलला आणि दुपारी एनिडबाईंकडे जात राहिली. दोन्हीकडे दोन घास खात होती. तिला वाटत होतं की तिनं काहीतरी जपून धरलं होतं ते सुटलंय, आणि हात मोकळे झालेत हे चांगलं की वाईट ते कळत नव्हतं.

डिसेंबर लागला तेव्हा मिहीर अन्वीला घेऊन बेसिंगस्टोकला गेला. त्याच आठवड्यात एनिडबाई गेल्या, दुपारच्या झोपेत. अखेरपर्यंत गोळ्या घेत होत्या. हृदय दमलं होतं, एवढंच.

दफनाला सगळं गाव आलं. जोआननं वेदीपाशी उभं राहून सांगितलं की एनिडनं आपलं शेवटचं बळ एका आजारी मुलीसाठी दिलं, आणि ती मुलगी आज बरी होऊन घरी आहे. लोकांनी डोळे पुसले. चहाच्या वेळी दोन बायका वैजयंतीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “तुमची छोटी तीच ना? एनिडनं वाचवलेली मुलगी.” त्यांच्या मनात प्रेमच होतं. वैजयंती त्यांना म्हणाली, “त्यांचं वय झालं होतं.” त्या प्रेमानं हसल्या आणि ऐकलं नाही. जोआनलाही तिनं कोपऱ्यात घेऊन सांगितलं. जोआन म्हणाली, “हो ना, पण किती सुंदर आहे ते.”

रविवारी चैत्रालीचा फोन आला.

“आई, तुमच्या व्हिकरनं मिहीरला ईमेल केलाय. पुढच्या वर्षी ती मेणबत्ती अन्वीनं न्यावी म्हणतायत. मिहीरला फार आवडलं, त्यानं तिला वाचूनसुद्धा दाखवलं.” ती थांबली. “मला नाही आवडलं. ती कालपासून विचित्र वागतेय. आपली खेळणी वाटून टाकतेय. मला म्हणाली, मम्मा, मी दर वर्षी करणार, मी मरेपर्यंत करणार, कारण ती आजी माझ्यामुळे मेला. मी म्हटलं, कोण म्हणालं असं? तर म्हणे, सगळ्यांना माहीत आहे.”

मागून अन्वीचा आवाज आला, “आजी आहे? मी बोलू?”

“देऊ का?” चैत्रालीनं विचारलं.

“नको,” वैजयंती म्हणाली. “तिला सांग, आजी येतेय.”

“कधी? अहो, पुढच्या आठवड्यात आम्हीच—”

“उद्या.”

सकाळी तिनं दिवा लावला, माळ केली. मग पोळीचा तुकडा दुधात बुडवून उभ्याउभ्याच खाल्ला. कोट घातला, छत्री घेतली. रात्रीचं दंव फाटकावर गोठलं होतं, ते उघडायला जोर लावावा लागला. एनिडबाईंच्या खिडक्यांना पडदे नव्हते, आत रिकामा पलंग दिसत होता. गोष्ट मोडायची कशी, सात वर्षांच्या मुलीला काय शब्द वापरायचे, ती विचारेल “आजी, नक्की ना?” तेव्हा डोळे कुठं ठेवायचे, हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं. खरं तर तिची स्वतःचीही पुरती खात्री नव्हती. बर्मिंगहॅमला गाडी बदलायची होती, तोवर वेळ होता.

बस वळणावर दिसली. तिनं हात केला.